संगणकाच्या गाभ्यातील बांधाबांध : लिनक्स मॉड्यूलांचे संपीडन

पुण्याहून लोणावळ्याकडे निघालेली लोकलगाडी शिवाजीनगर सोडते आणि पुढच्याच थांब्यावर खडकी येते. ५ नोव्हेंबर १८१७ रोजी पेशव्यांची फौज आणि इंग्रजी पलटणी यांची गाठ पडली ती ह्याच परिसरात. पुढे येथे छावणी वसली. १८६९ मध्ये दारूगोळ्याचा कारखाना निघाला आणि कालांतराने चिलखती वाहनांच्या सुट्या भागांचे लष्करी भांडारही उभे राहिले. खडकीची ही ओळख सर्वांस परिचित आहे. परंतु छावणीच्या हद्दीला लागून असलेल्या गणेशखिंडीने गेल्या काही दशकांत एक वेगळी परंपरा निर्माण केली आहे. विद्यापीठाच्या विस्तीर्ण आवारात १९८८ साली प्रगत संगणन विकास केंद्राचे, म्हणजेच ‘सी-डॅक’चे काम सुरू झाले. १९९१ मध्ये ‘परम ८०००’ हा महासंगणक तयार झाला, आणि फेब्रुवारी २०१३ मध्ये ‘परम युवा-२’ कार्यान्वित झाला. त्याच आवारातील राष्ट्रीय रेडिओ खगोलभौतिकी केंद्राचे शास्त्रज्ञ जुन्नर तालुक्यातील खोडद येथील महाकाय दुर्बिणीच्या तीस अँटेनांकडून येणारे संकेत संगणकांच्या साहाय्याने एकत्र जुळवितात.

ह्या कामासाठी २०१० च्या सुमारास बाजारात सहज मिळणाऱ्या संगणकांचाच एक संच उभारण्यात आला. तो लिनक्स ह्या मुक्त कार्यप्रणालीवर चालत असे. जगातील पाचशे सर्वांत वेगवान महासंगणकांची जी यादी दर सहा महिन्यांनी प्रसिद्ध होते, त्या यादीतील प्रत्येक यंत्र नोव्हेंबर २०१७ पासून लिनक्सवरच चालत आले आहे. गणेशखिंडीतील महासंगणक आणि गावच्या शाळेतील दहा वर्षे जुना संगणक ह्यांची तुलना एरवी कोणी करणार नाही. दोहोंच्या अंतरंगातील गाभा मात्र एकाच जातीचा असू शकतो. म्हणून त्या गाभ्याच्या मांडणीतील एका लहानशा निवडीची माहिती शाळा, पंचायत आणि शासकीय कार्यालये यांनाही असणे इष्ट आहे.

विंडोज १० ह्या कार्यप्रणालीचा नियमित आधार १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला. तिची पुढील आवृत्ती बऱ्याच जुन्या यंत्रांवर बसत नाही. भारत सरकारने मुक्त स्रोत सॉफ्टवेअरच्या स्वीकाराविषयीचे धोरण २०१५ मध्येच जाहीर केले होते. सी-डॅकने विकसित केलेली ‘बॉस’ ही भारतीय लिनक्स प्रणाली तर २००७ पासून उपलब्ध आहे. तेव्हा सुस्थितीतील जुने संगणक भंगारात न काढता त्यांवर लिनक्स बसविण्याचा विचार अनेक ठिकाणी होणे स्वाभाविक आहे. अशा वेळी पुढील प्रकारचा प्रसंग ओढवू शकतो.

समजा, खडकी बाजाराजवळच्या एखाद्या शाळेत वीस जुने संगणक आहेत. प्रत्येकात लिनक्ससाठी अवघी वीस गिगाबाइट जागा राखलेली आहे. सुधारणा उतरविताना ‘जागा शिल्लक नाही’ असा संदेश येऊ लागतो. कोणी जाणकार शनिवारी येतो, कर्नलच्या हजारो फाईली दाबून लहान करतो आणि भरपूर जागा मोकळी झाली म्हणून समाधानाने परत जातो. सोमवारी संगणक चालू होतात, पडदा उजळतो, परंतु एकाही यंत्रावर इंटरनेट लागत नाही आणि आवाज उमटत नाही. विद्यार्थ्यांची परीक्षा दोन दिवसांवर आली आहे. यंत्रे बिघडली असे समजून नव्या खरेदीचा प्रस्तावही कदाचित तयार होईल. प्रत्यक्षात एकही यंत्र बिघडलेले नाही. काय घडले हे कळण्यासाठी प्रथम कर्नल आणि मॉड्यूल ह्या दोन गोष्टी समजून घ्याव्या लागतात.

कर्नल आणि त्याचे जोडभाग

खडकीत ‘कर्नल’ म्हटले की छावणीतील अधिकारीच डोळ्यांपुढे उभा राहतो. संगणकशास्त्रातील कर्नल हा शब्द उच्चाराने तसाच असला तरी त्याचा अर्थ गाभा, दाण्यातील गर असा आहे. स्मृती, प्रक्रियक, हार्डडिस्क, कळफलक, जाळ्याची जोडणी ह्या सर्व साधनांची वाटणी आणि देखरेख करणारा कार्यप्रणालीचा जो मध्यवर्ती भाग, तो कर्नल. लायनस टॉरवाल्ड्स ह्या फिनलंडमधील विद्यार्थ्याने १९९१ मध्ये लिनक्सचा कर्नल प्रसिद्ध केला. पुढे जगभरातील असंख्य लेखकांनी त्यात भर घातली.

आता अडचण अशी की, बाजारात छपाईयंत्रे, ध्वनीची कार्डे, बिनतारी जोडण्या, कॅमेरे अशी अगणित साधने आहेत, आणि प्रत्येकाला चालविणारा प्रोग्राम वेगळा. हे सर्व चालक-प्रोग्राम कर्नलच्या पोटातच भरले तर तो अवाढव्य होईल आणि त्यातील बहुतेक भाग एखाद्या विशिष्ट यंत्रावर कधीच उपयोगी पडणार नाही. म्हणून हे प्रोग्राम सुट्या जोडभागांच्या स्वरूपात ठेवतात. ह्या जोडभागास ‘मॉड्यूल’ म्हणतात. साधन जोडले गेले की कर्नलच्या मागणीनुसार त्याचे मॉड्यूल भांडारातून काढून स्मृतीत बसविले जाते, आणि काम संपल्यावर ते उतरविताही येते. प्रत्येक मॉड्यूल ही एक स्वतंत्र फाईल असते आणि तिच्या नावाच्या शेवटी ‘.केओ’ हे उपपद असते. ह्या फाईली ‘लिब’ निर्देशिकेतील ‘मॉड्यूल्स’ ह्या उपनिर्देशिकेत, कर्नलच्या आवृत्तीच्या क्रमांकानुसार स्वतंत्र कप्प्यात ठेवलेल्या असतात.

खडकीच्या भांडाराशी ही व्यवस्था ताडून पाहण्यासारखी आहे. वाहन एक, पण भांडारात सुटे भाग सर्व प्रकारच्या वाहनांचे. सर्वसाधारण लिनक्स वितरणात मॉड्यूले हजारोंच्या संख्येने असतात. त्यांपैकी एका संगणकावर प्रत्यक्ष वापरात येतात ती जेमतेम शे-सव्वाशे. उरलेली सर्व मॉड्यूले ‘न जाणो, उद्या लागली तर’ म्हणून पडून राहतात आणि काही शे मेगाबाइट जागा अडवितात. त्यातच सुधारणेच्या वेळी नवा कर्नल आला म्हणजे जुना लगेच काढला जात नाही. दोन-तीन आवृत्त्या शेजारी शेजारी राहतात आणि प्रत्येकीचे भांडार वेगळे असते. वीस गिगाबाइटांच्या यंत्राला ही अडगळ जाणवते.

संपीडनाने काय साधते

मजकुरातील पुनरावृत्ती हेरून तोच मजकूर थोड्या जागेत मांडणे म्हणजे संपीडन. मॉड्यूलाच्या फाईलीत अशी पुनरावृत्ती पुष्कळ असते. त्यामुळे ती दाबल्यावर साधारणपणे मूळ आकाराच्या तिसऱ्या हिश्शाच्या आसपास येते. पद्धतीनुसार हे प्रमाण थोडे कमीअधिक होते.

ह्या ठिकाणी एक गैरसमज दूर करणे आवश्यक आहे. संपीडनाने वाचते ती हार्डडिस्कवरील जागा, आणि जाळ्यावरून फाईली पाठवावयाच्या असल्यास तो भार. संगणकाची कार्यरत स्मृती त्याने वाचत नाही. मॉड्यूल स्मृतीत बसविण्यापूर्वी ते पूर्ण उलगडावेच लागते, आणि उलगडताना क्षणभर दाबलेली व उलगडलेली अशा दोन्ही प्रती स्मृतीत असतात. ज्या यंत्राची तक्रार ‘रॅम कमी आहे’ अशी आहे, त्याला ह्या उपायाचा उपयोग नाही.

वेळेचा हिशोब थोडा निराळा आहे. उलगडण्यास प्रक्रियकाला श्रम पडतात हे खरे, परंतु डिस्क फिरती आणि संथ असेल तर कमी मजकूर वाचावा लागल्याने वेळ वाचतोही. जुन्या फिरत्या डिस्कच्या यंत्रावर हे दोन्ही परिणाम एकमेकांना बरेचसे भरून काढतात. शे-सव्वाशे फाईलींचाच प्रश्न असल्याने सामान्य वापरात हा फरक क्वचितच जाणवतो.

तीन पद्धती, आणि चौथी ‘काही न करण्याची’

कर्नल स्वतः जुळविताना मॉड्यूले बसविण्याच्या टप्प्यावरच ती आपोआप दाबली जावीत, अशी सोय कर्नलच्या ३.१८ ह्या आवृत्तीपासून, म्हणजे डिसेंबर २०१४ पासून आहे. आरंभी ‘जीझिप’ आणि ‘एक्सझेड’ हे दोन पर्याय होते. २०२१ मधील ५.१३ ह्या आवृत्तीत ‘झेडस्टँडर्ड’ हा तिसरा आला.

जीझिप ही १९९२ पासूनची जुनी, सर्वत्र उपलब्ध असलेली पद्धत. ती मध्यम दाबते, पण बहुतेक कोणत्याही साधनाला उलगडता येते. एक्सझेड सर्वांत घट्ट दाबते आणि उलगडण्यास सर्वांत अधिक वेळ घेते. झेडस्टँडर्ड ही यान कोले ह्यांनी फेसबुक कंपनीत विकसित केलेली अलीकडची पद्धत होय. तिची दाब देण्याची शक्ती एक्सझेडपेक्षा किंचित कमी असली तरी उलगडण्याचा वेग फार मोठा आहे. दाबलेल्या फाईलीच्या नावात मूळ ‘.केओ’ च्या पुढे अनुक्रमे ‘.जीझेड’, ‘.एक्सझेड’ किंवा ‘.झेडएसटी’ अशी जोड लागते. ही जोड दिसायला क्षुल्लक आहे, पण शाळेच्या कथेतील घोटाळ्याचे अर्धे मूळ तिच्यातच आहे.

चौथा पर्याय मॉड्यूले मुळीच न दाबण्याचा. शंका असल्यास संपीडन नाकारावे, असे कर्नलच्या स्वतःच्या मदत-टिपेतच म्हटले आहे. हा सल्ला जुनाट वाटला तरी त्यामागे अनुभव आहे.

निवड करण्याची जागा अवघड नाही. कर्नलच्या मूळ मजकुराच्या निर्देशिकेत ‘मेक मेनुकॉन्फिग’ ही आज्ञा दिली की विन्यासाची यादी पडद्यावर येते. विन्यास म्हणजे कर्नलमध्ये काय घ्यावे, काय वगळावे आणि काय सुटे ठेवावे ह्यांविषयीच्या निवडींचा संच. त्यातील मॉड्यूलांसंबंधीच्या विभागात संपीडनाची निवड असते. तेथे पद्धत ठरवून कर्नल जुळवावा आणि ‘मेक मॉड्यूल्स_इन्स्टॉल’ ही आज्ञा द्यावी, म्हणजे फाईली दाबूनच भांडारात जातात. कर्नलच्या अलीकडच्या आवृत्त्यांत दाबलेली मॉड्यूले उलगडण्याची क्षमता ठेवावी, पण बसविताना आपोआप दाबू नये, अशी निवडही स्वतंत्रपणे करता येते. वितरण तयार करणाऱ्यांना तिचा उपयोग होतो, कारण ते मॉड्यूलांवर आणखी काही संस्कार करून शेवटी स्वतः दाबू इच्छितात.

आधी सही, मग लखोटा

हे संस्कार कोणत्या क्रमाने व्हावेत हा ह्या विषयातील सर्वांत महत्त्वाचा भाग आहे. कार्यालयीन कामकाजाची सवय असलेल्यांस तो लगेच उमजेल. पत्र पाठविताना प्रथम कच्ची टिपणे बाजूला काढतात, मग स्वच्छ प्रतीवर सही-शिक्का होतो आणि त्यानंतर पत्र लखोट्यात जाते. लखोटा बंद झाल्यावर आतील मजकुरातून एक ओळ खोडली तर सहीला अर्थ उरत नाही.

मॉड्यूलाची गोष्ट नेमकी अशीच. जुळणी होताना त्याच्या फाईलीत दोषशोधनासाठी लागणारी पुष्कळ माहिती भरलेली असू शकते. ही म्हणजे कच्ची टिपणे. स्वतः जुळविलेल्या कर्नलचे भांडार कित्येकदा शेकड्यांऐवजी हजारो मेगाबाइटांवर जाते, ते ह्या टिपणांमुळे. मॉड्यूले बसविताना योग्य सूचना दिल्यास ती काढून टाकली जातात. नुसते एवढे केले तरी जी जागा मोकळी होते, ती संपीडनाने वाचणाऱ्या जागेपेक्षा बहुधा अधिक भरते. ही पायरी वगळून थेट दाबण्याकडे वळणे म्हणजे अडगळीसकट पेटारा बांधणे होय.

दुसरी पायरी सहीची. मॉड्यूल एकदा कर्नलमध्ये बसले की त्याला सर्व यंत्राचा ताबा मिळतो. म्हणून ते विश्वासू हातून आले आहे ह्याची खातरी करण्यासाठी सांकेतिक स्वाक्षरीची योजना आहे. ही स्वाक्षरी फाईलीच्या अगदी शेवटी जोडलेली असते. सही झाल्यानंतर टिपणे काढण्याची क्रिया केली तर स्वाक्षरी नाहीशी होते, आणि स्वाक्षरीविना मॉड्यूल न स्वीकारणारा कर्नल ते नाकारतो. संपीडन केले तर स्वाक्षरी बिघडत नाही, कारण उलगडल्यावर फाईल अक्षरशः पूर्ववत होते. टिपणे काढणे, सही करणे आणि दाबणे हाच क्रम कर्नलची स्वतःची बसविण्याची यंत्रणा पाळते. हाताने काम करणाऱ्याने तो मोडला की घोटाळा होतो.

नोंदवहीचा प्रश्न

शाळांतील डेडस्टॉक रजिस्टर सर्व मुख्याध्यापकांच्या परिचयाचे आहे. वस्तू कपाटात असूनही वहीत तिची नोंद वेगळ्या नावाने असेल तर तपासणीच्या वेळी ती ‘आढळली नाही’ असाच शेरा पडतो. मॉड्यूलांच्या भांडारालाही अशी नोंदवही आहे. कोणते मॉड्यूल कोणत्या नावाच्या फाईलीत आहे आणि त्याच्याआधी दुसरे कोणते बसवावे लागते, हे तिच्यात लिहिलेले असते. ‘डेपमॉड’ ही आज्ञा भांडाराची पाहणी करून नोंदवही नव्याने लिहिते, आणि ‘मॉडप्रोब’ हे साधन ती पाहूनच मॉड्यूल काढून आणते.

आता शाळेतील सोमवारचा उलगडा होतो. शनिवारी आलेल्या जाणकाराने फाईली दाबल्या, त्यामुळे प्रत्येक नावाला नवी जोड लागली. डेपमॉड चालविण्याचे राहून गेले. नोंदवहीत जुनीच नावे राहिली, मॉडप्रोबला त्या नावाच्या फाईली सापडल्या नाहीत, आणि जाळ्याच्या व ध्वनीच्या कार्डांचे चालक बसलेच नाहीत. मग संगणक मुळात सुरू तरी कसे झाले? सुरुवातीला लागणारी डिस्कची आणि फाईलव्यवस्थेची मॉड्यूले एका वेगळ्या आरंभिक संचात आधीच ठेवलेली असतात. त्या संचाला शनिवारी कोणी हात लावला नव्हता. म्हणून यंत्र निम्म्यापर्यंत निर्धोक चालते आणि मग एकेक साधन मुके होते. बिघाड यंत्रसामग्रीचा असावा असा भास होतो तो ह्यामुळेच. प्रत्येक यंत्रावर एकदा डेपमॉड चालवून यंत्र पुन्हा सुरू केले की ह्या तक्रारीचे निवारण होते. नव्या खरेदीची गरज नाही.

तरीही एक काटा राहतो. वितरणाच्या व्यवस्थापकाने ज्या नावाने फाईली बसविल्या, ती नावे आता उरलेली नाहीत. पुढे हा कर्नल काढून टाकण्याची वेळ येईल तेव्हा दाबलेल्या फाईली अनाथ होऊन तशाच मागे राहतात. जागा वाचविण्यासाठी केलेला उपाय अशा रीतीने कायमची अडगळ निर्माण करतो. बाहेरून घेतलेल्या एखाद्या चालकाची दाबलेली आणि न दाबलेली अशा दोन प्रती एकाच भांडारात राहिल्या तर आणखी वेगळी पंचाईत होते. कोणती प्रत नोंदवहीत शिरली हे पाहिल्याशिवाय जुना चालक बसला की नवा, हे सांगता येत नाही. ‘मॉडइन्फो’ ही आज्ञा मॉड्यूलाची फाईल नेमकी कोठली हे दाखविते. अशा वेळी तिचा आधार घ्यावा.

उलगडणारा कोण?

दाबलेले मॉड्यूल उलगडण्याचे काम परंपरेने कर्नलबाहेरील साधने करीत आली. मॉडप्रोब फाईल वाचून ती स्वतः उलगडी आणि तयार मजकूर कर्नलच्या स्वाधीन करी. ह्यासाठी त्या साधनात संबंधित पद्धतीचे ज्ञान जुळणीच्या वेळीच घातलेले असावे लागते. झेडस्टँडर्डने दाबलेली मॉड्यूले जुन्या साधनांच्या यंत्रावर नेली तर ती उघडत नाहीत, त्याचे कारण हेच. नवा कर्नल आणि जुनी साधने अशी जोडी जुन्या यंत्रांवर अनेकदा आढळते.

ह्या पद्धतीत आणखी एक उणीव होती. उलगडलेला मजकूर हाती आला तरी तो मुळात कोणत्या डिस्कवरील कोणत्या फाईलीतून आला, हे कर्नलला कळत नसे. विश्वासू विभागातील फाईलीच स्वीकाराव्यात असा ज्यांचा कटाक्ष आहे, त्यांची त्यामुळे अडचण होई. मार्च २०२२ मधील ५.१७ ह्या आवृत्तीपासून फाईल जशीच्या तशी कर्नलकडे सोपवावी आणि ती त्याने स्वतः उलगडावी, अशी सोय झाली.

सोय झाली, पण तिच्याबरोबर एक बारकावाही आला. एक्सझेडच्या फाईलीत मजकूर शाबूत असल्याची खूण म्हणून एक पडताळा-अंक असतो. सामान्यपणे दाबताना तो ६४ बिटांचा घातला जातो. कर्नलमधील छोटा उलगडक मात्र ३२ बिटांचाच जाणतो. कर्नलची स्वतःची बसविण्याची यंत्रणा हे भान ठेवून ३२ बिटांचाच अंक घालते. हाताने नेहमीच्या रीतीने दाबलेली फाईल बाहेरच्या साधनाला निर्वेध उघडते आणि कर्नलला उघडत नाही. ‘एका यंत्रावर चालते, दुसऱ्यावर नाही’ ह्या प्रकारच्या तक्रारींत हे कारण अवश्य तपासावे.

उलगडणाऱ्या साधनावर किती विसंबावे ह्याचाही विचार २०२४ साली साऱ्या जगाला करावा लागला. त्या वर्षी मार्चमध्ये एक्सझेडच्या ५.६.० आणि ५.६.१ ह्या आवृत्त्यांत कोणीतरी हेतुपुरस्सर चोरवाट घातल्याचे आंद्रेस फ्रॉइंड ह्या अभियंत्याच्या ध्यानात आले. दूरस्थ प्रवेशाला नेहमीपेक्षा अंमळ अधिक वेळ लागतो, एवढ्या धाग्यावरून त्याने शोध घेतला. बहुतेक वितरणांच्या स्थिर आवृत्त्यांपर्यंत हा दोष पोचण्यापूर्वीच तो पकडला गेला. संपीडनाच्या पद्धतीत काही वैगुण्य होते असा ह्याचा अर्थ नव्हे. दोष त्या विशिष्ट आवृत्त्यांत मुद्दाम पेरलेला होता. पण सुधारणा वेळच्या वेळी आणि अधिकृत भांडारातूनच घेण्याचे महत्त्व त्यावरून लक्षात येते.

दुहेरी बांधणीचा मोह

वर ज्या आरंभिक संचाचा उल्लेख आला, तो संपूर्ण संच एकगठ्ठा दाबून ‘बूट’ विभागात ठेवतात. त्यात पुन्हा आधीच दाबलेली मॉड्यूले घातली तर संच आणखी लहान होईल, अशी अपेक्षा असते. घडते उलटेच. एकदा दाबलेल्या मजकुरात पुनरावृत्ती उरलेली नसते, त्यामुळे दुसऱ्या दाबाला पकडण्याजोगे काही राहत नाही. शिवाय निरनिराळ्या मॉड्यूलांमध्ये आपसांत जे साम्य असते तेही, प्रत्येक मॉड्यूल वेगळे दाबल्यामुळे झाकले जाते. म्हणून संच तयार करणारी काही साधने मॉड्यूले आधी मोकळी करून घेतात आणि मग सर्व संच एकत्र दाबतात.

ह्यावरून आणखी एक गोष्ट स्पष्ट होते. ‘बूट विभाग भरला’ अशी तक्रार असेल तर मॉड्यूलांचे भांडार दाबून तिचे निवारण होणार नाही, कारण भांडार तेथे नसतेच. तेथे कर्नल आणि आरंभिक संच असतात. जुने कर्नल रीतसर काढून टाकणे हाच त्यावरील सरळ उपाय होय. मूळ विभाग भरला असेल तरीही पहिला उपाय तोच, संपीडन नंतर. त्याचप्रमाणे जी फाईलव्यवस्था स्वतःच सर्व मजकूर दाबून ठेवते, उदाहरणार्थ पेनड्राइव्हवरून थेट चालणारी लिनक्सची प्रत, तेथेही मॉड्यूले वेगळी दाबण्यात लाभ नाही.

कोणी काय निवडावे

शाळा, पंचायत आणि सामान्य कार्यालये ह्यांनी कर्नल स्वतः जुळविण्याच्या भरीस पडू नये. वितरणकर्त्यांनी केलेली निवड पुरेशी असते आणि ती नोंदवही, सही व आरंभिक संच ह्यांच्याशी जुळवून घेतलेली असते. बॉस ज्या डेबियन कुळातील आहे, त्या डेबियनच्या २०२३ मधील १२ व्या आवृत्तीत मॉड्यूले न दाबता दिलेली होती. २०२५ मध्ये आलेल्या १३ व्या आवृत्तीत ती एक्सझेडने दाबलेली येतात. उबुंटूच्या २४.०४ ह्या आवृत्तीने झेडस्टँडर्ड निवडले आहे, तर रेड हॅट कुळातील प्रणाल्या एक्सझेड वापरतात. म्हणजे जागेची निकड असलेल्या यंत्रावर हाताने काही करण्यापेक्षा वितरणाची नवी आवृत्ती घेतल्यास हे काम बहुधा आयते होते. लिनक्सची ओळख करून देणारे मराठी निवेदनाचे दृक्श्राव्य पाठ आयआयटी मुंबईच्या ‘स्पोकन ट्युटोरियल’ प्रकल्पाने उपलब्ध केले आहेत. प्रयोगशाळा सांभाळणाऱ्या शिक्षकांस आज्ञा देण्याचा सराव त्यांतून करता येईल.

ज्यांना कर्नल स्वतः जुळवावाच लागतो, त्यांचा विचार वेगळा. अभियांत्रिकी महाविद्यालये, संशोधन संस्था, विशेष कार्डे वापरणाऱ्या प्रयोगशाळा ह्या वर्गात येतात. तेथील साधने अद्ययावत असतील तर झेडस्टँडर्ड घेणे सोयीचे. जागा फारच अपुरी आणि प्रक्रियक बरा असेल तर एक्सझेड. साधने जुनी आणि बदलता न येण्याजोगी असतील तर जीझिप, नाहीतर मुळीच दाबू नये. अनेक यंत्रे जाळ्यावरून एकाच वेळी सुरू होत असतील तर प्रत्येक मेगाबाइट यंत्रसंख्येने गुणला जातो. तेथे संपीडनाचा लाभ सर्वांत ठळक दिसतो. मात्र तेथे दाब आरंभिक संचावर द्यावा, आतील मॉड्यूलांवर नव्हे.

बदल केल्यावर यंत्रे वर्गाच्या हवाली करण्यापूर्वी एकाच संगणकावर पडताळणी करावी. डेपमॉड चालवावे, आरंभिक संच नव्याने करावा आणि यंत्र बंद करून पुन्हा सुरू करावे. नुसते सुरू झाले ह्यावर समाधान मानू नये. जाळे लागते का, आवाज येतो का, छपाईयंत्र ओळखले जाते का, पेनड्राइव्ह उघडतो का हे एकेक करून पाहावे, कारण ह्या साधनांची मॉड्यूले बहुधा आरंभिक संचात नसतात आणि भांडारातूनच यावी लागतात. पूर्वीचा चालता कर्नल निदान एक आठवडा तसाच ठेवावा. नव्याने दगा दिल्यास सुरुवातीच्या यादीतून तो निवडून यंत्र त्याच दिवशी वापरात आणता येते. मग उरलेल्या एकोणीस यंत्रांना हात लावावा.